लहान मुलाच्या हृदयाला पंप जोडला म्हणजे आजार बरा होतो का?

सहा वर्षांच्या भाचीचे हृदय फुगून अशक्त झाले आहे, औषधांचा उपयोग होईनासा झाला आहे आणि डॉक्टरांनी आता यांत्रिक पंप सुचवला आहे. त्याने ती बरी होईल का, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत लहान मुलांच्या हृदय अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. पंप आजार बरा करत नाही, तो वेळ मिळवून देतो. हा वेळ कशासाठी हवा आहे, ते डॉक्टरांकडून आधी स्पष्ट करून घ्यावे. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल, तर काही मुलांचे हृदय सावरते आणि पंप काढता येतो. एरवी तो बहुधा प्रत्यारोपणापर्यंतचा आधार असतो.

एवढ्या लहान वयात बहुतेक वेळा ‘बर्लिन हार्ट’ वापरतात, कारण मोठ्यांचे शरीरात बसणारे पंप या छातीत सहसा मावत नाहीत. हा पंप पोटावर, शरीराबाहेर राहतो आणि फासळ्यांखालून निघालेल्या दोन नळ्यांनी हृदयाशी जोडलेला असतो. त्याच्या आत पातळ पडदा असतो, एका बाजूला रक्त व दुसऱ्या बाजूला हवा. यंत्र हवा आत-बाहेर करते, तसे पडद्याच्या हालचालीने रक्त महाधमनीत ढकलले जाते. मुलाच्या आकारमानानुसार 10 ते 60 मिलिलिटरपर्यंतची मापे मिळतात. एक्मोवर, म्हणजे हृदय आणि फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्रावर, मूल फार तर काही आठवडे राहू शकते; या पंपावर मात्र कित्येक मुले महिनोन्‌महिने राहतात, जेवतात, खेळतात.

खरी भीती गुठळीची. पंप पारदर्शक असल्याने आम्ही प्रत्येक पाळीत बॅटरीच्या उजेडात झडपांच्या कडा निरखतो आणि तांदळाच्या कणीएवढा पांढुरका ठिपका दिसला तरी लगेच डॉक्टरांना बोलावतो, कारण तेवढाच कण मेंदूकडे गेला तर पक्षाघात होतो. अमेरिकेत 48 मुलांवर झालेल्या अभ्यासात 29 टक्के मुलांना तो झाला. मात्र एक्मोवरच्या मुलांच्या तुलनेत या मुलांचे जगण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक होते. पुढे रक्त पातळ ठेवण्याच्या पद्धतीही सुधारल्या. भाचीच्या आईने ठिपके ओळखायला आमच्यासारख्या परिचारिकांकडून जरूर शिकावे. रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या आईच्या नजरेतून फारसे काही सुटत नाही.

प्रत्यारोपण लागणारच असेल, तर रुग्णालयामार्फत मुंबईच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदणी झाली आहे का, हे आजच विचारावे. हृदय रक्तगटाबरोबर आकारानेही जुळावे लागते आणि काढल्यापासून साधारण 4 तासांत बसवावे लागते, म्हणून मुलांची प्रतीक्षा लांबते.