पान नीट दिसतंय, मग हेड-बॉडी लिहायचं कशाला?

गिरगावातल्या तुमच्या चाळीच्या गणेशोत्सवाचं वेबपान हेड, बॉडी हे टॅग न लिहिताही उघडतं, मग ते लिहायचं कशाला, हा तुमचा पहिला प्रश्न. आणि परिच्छेदाला दिलेला लाल रंग त्यातल्या कार्यक्रमांच्या यादीला का लागत नाही, हा दुसरा. दोन्हींचं मूळ एकच: ब्राउझर चूक दाखवत नाही, गुपचूप दुरुस्त करतो.

एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, वाचताना ब्राउझर टॅगांचं (कोन-कंसातल्या खुणांचं) झाड बांधतो. मुळाशी एचटीएमएल, त्याला दोन फांद्या, हेड (पानाविषयीची माहिती) आणि बॉडी (दिसणारा मजकूर). तुम्ही नाही लिहिल्या तर तो स्वतः घालतो, आणि नियमांत तशी मुभाही आहे. तरी लिहा. कुठली ओळ कुठे पडतेय ते तुम्हालाच कळायला सोपं जातं.

आता यादी. पी म्हणजे परिच्छेदाचा टॅग, यूएल म्हणजे यादीचा. पीच्या आत यूएल बसत नाही. यूएल दिसताच ब्राउझर पी तिथेच बंद करतो आणि यादी परिच्छेदाच्या बाहेर जाते, मग रंग कसा लागणार? खाली तुम्ही लिहिलेला पीचा बंद टॅग बेवारस उरतो, त्याचा आणखी एक रिकामा परिच्छेद तयार होतो! विश्वास बसत नसेल तर पानावर राइट-क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. व्ह्यू सोर्समध्ये तुम्ही लिहिलेलं दिसतं, इन्स्पेक्टमध्ये ब्राउझरला समजलेलं. उपाय सोपा आहे: पी आधी बंद करा, दोन्ही एका डिव्हमध्ये, म्हणजे भाग एकत्र बांधणाऱ्या टॅगमध्ये, ठेवा आणि रंग डिव्हला द्या.

ही सहनशीलता काढून टाकायचा प्रयत्नही झाला होता. २००० साली आलेल्या एक्सएचटीएमएलचे, म्हणजे एचटीएमएलच्या कडक अवताराचे, नियम इतके कडक की ते काटेकोर पाळले तर एका चुकीपायी पानाऐवजी एररच दिसे. लोकांना ते झेपलं नाही. एचटीएमएल ५ ने उलट, दुरुस्ती कशी करायची याचेच नियम लिहून काढले. माझ्या मते हेच शहाणपणाचं होतं.

पहिली ओळ डॉकटाइपची, म्हणजे पान कुठल्या प्रकारचं ते सांगणारी, हवीच. ती नसली तर ब्राउझर जुन्या काळच्या ब्राउझरांसारखा वागू लागतो आणि मापं बिघडतात.

हेडमध्ये सगळ्यात वर कॅरेक्टर सेट (अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवलीत ते) यूटीएफ-८ लिहा. तो फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यावा लागतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणून लांबलचक मराठी टायटल त्याच्या आधी नको. व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीला बसवायला सांगणारा, मेटा टॅगही घाला, नाहीतर लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचणाऱ्याला अक्षरं मुंगीएवढी दिसतील. एचटीएमएल टॅगला लँग (भाषा) म्हणून एमआर, म्हणजे मराठी, द्या. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाहीत.

मेटा, बीआर (नवी ओळ), आयएमजी (चित्र) या टॅगांना बंद टॅग नसतो, तो शोधत बसू नका.

हे सगळं झालं की फाइल डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका तपासणाऱ्या साधनात, टाका, फुकट आहे. तो बेवारस पी तिथे ओळ क्रमांकासकट सापडेल.