ट्रॅव्हलर्स पाम आणि लेमूर, यांची तुलना कशी करायची?

एक झाड आणि एक लेमूर (माकडाचा लांबचा नातलग असलेला प्राणी), तुलना कशाच्या आधारावर करायची असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, आकार, आयुष्य वगैरे सोडा, दोघांना जंगल किती लागतं ते बघा.

मी आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची जोडी घेतो. झाड म्हणजे ट्रॅव्हलर्स पाम, आपल्याकडे सोसायटीच्या गेटपाशी किंवा गोव्यात रिसॉर्टच्या बागेत उघडलेल्या पंख्यासारखं उभं असतं तेच. नावात पाम असलं तरी ते पाम नाही, बर्ड ऑफ पॅराडाइज नावाच्या फुलझाडाच्या कुळातलं आहे. आणि लेमूर म्हणजे काळा-पांढरा रफ्ड लेमूर, ३-४ किलोचा, फक्त पूर्व मादागास्करच्या पावसाळी जंगलात राहणारा.

दोघांचं नातं खरंच भारी आहे. या झाडाची फुलं जाड, कडक आवरणात बंद असतात, बारक्या कीटकाला ती उघडणं जमणारच नाही. लेमूर हाताने आवरण फाकवतो, लांब तोंड आत खुपसून मकरंद चाटतो, मग परागकण तोंडाच्या केसांना चिकटतात आणि तो गेला की त्याच्याबरोबर पुढच्या फुलावर. याच कुळात दक्षिण आफ्रिकेत हे काम पक्षी करतात, दक्षिण अमेरिकेत वटवाघळं, आणि मादागास्करमध्ये लेमूर! जगातला सगळ्यात मोठा परागवाहक म्हणून याचंच नाव घेतलं जातं.

पण जंगल तोडलं की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. तिकडे जंगल तोडून-जाळून डोंगरउतारावर भात पेरतात, त्याला तावी म्हणतात, आणि ती जमीन पडीक सोडली की तिथे हे झाड भराभर वाढतं कारण त्याला ऊन आवडतं. लोक त्याच्या पानांनी घरं शाकारतात. मॉरिशसला नेलं तर तिथे ते तणासारखं माजलं. लेमूरला मात्र मोठी, जुनी फळझाडं लागतात, मादी झाडावर घरटं करून एका वेळी दोन-तीन पिल्लं देते (एवढ्या मोठ्या प्रायमेटमध्ये, म्हणजे माकड-लेमूर यांच्या गटातल्या प्राण्यात, हे फार क्वचित दिसतं), त्यामुळे झाडं गेली की तोही गेला, वर शिकार होते ती वेगळीच. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत तो आज क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी जवळ आहे. म्हणून ट्रॅव्हलर्स पामने भरलेला हिरवागार डोंगर बघून तिथे लेमूर मजेत असतील असं कृपया समजू नका.

अजून एक, २०२१ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञांनी या झाडाच्या पाच नव्या जाती वेगळ्या काढल्या, आधी सगळं एकाच नावाखाली होतं, त्यामुळे जुन्या लेखातली माहिती वापरताना झाड नेमकं कुठल्या भागातलं आहे ते आधी बघा.