उबरच्या केसचे पैसे येतील म्हणून वाकडला फ्लॅट बुक करू का?

दादा, तुमचं म्हणणं असं की २०१७ ते २०२० कॅलिफोर्नियाच्या बे एरियात उबर चालवली, ७ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने उबर आणि लिफ्ट या दोन टॅक्सी-ॲप कंपन्यांचं अपील ऐकायलाच नकार दिला, म्हणजे बुडालेले पैसे मिळणारच, तर तोवर पर्सनल लोन काढून पुण्यात वाकडचा ८० लाखांचा फ्लॅट बुक करावा का. आणि कार्डावर ९,००० डॉलर थकलेत ते शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय 😀

नका करू. हे बाजारात तुरी झालं.

ड्रायव्हर जिंकले असं कोर्टाने म्हटलेलंच नाहीये हो. कंपन्यांनी ड्रायव्हरना कर्मचारी न मानता त्यांचे पैसे बुडवले, अशी कॅलिफोर्निया सरकारची केस आहे. वाद एवढाच होता की ड्रायव्हरने आर्बिट्रेशनच्या, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी लवादाकडे न्यायच्या, करारावर सही केलीये तर सरकारला त्याच्यासाठी पैसे मागता येतात का, खालचं कोर्ट म्हणालं त्या करारावर सरकारची सही कुठेय, आणि सुप्रीम कोर्टाने त्यात हात घातला नाही, बास. तुम्ही कर्मचारी होतात का, तुमचे किती निघतात, हे त्या आदेशाने ठरलेलं नाही. केस टाकली २०२० मध्ये, चार वर्षं फक्त ती चालवायची की नाही यातच गेली. त्यात डिसेंबर २०२० पासून प्रपोझिशन २२, म्हणजे अशा ड्रायव्हरना कर्मचारी नाही तर स्वतंत्र कंत्राटदार मानणारा कायदा, लागू झालं, ते राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ ला कायम ठेवलं, त्यामुळे खरी आशा त्याआधीच्या ट्रिप्सचीच.

इकडे बिल्डर थांबतो का? दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे तर रेरा या घरखरेदीच्या कायद्यात आधी ॲग्रीमेंट रजिस्टर करावं लागतं, म्हणजे सात टक्के स्टँप ड्युटी, ५ लाख ६० हजार, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार, मग प्रत्येक स्लॅबला डिमांड लेटर आणि उशीर झाला की व्याज.

कार्डाचं व्याज २४ टक्के धरलं तरी महिन्याला १८० डॉलर नुसते व्याजात जातात, मुद्दल जागच्या जागी. आधी ते मारा. पर्सनल लोन बरंच स्वस्त मिळत असेल तर कार्ड फेडायला घ्या, फ्लॅटला नाही.

उबरच्या अकाउंटमधून तेव्हाच्या टॅक्स समरी आणि ट्रिप हिस्ट्री मात्र आजच डाउनलोड करून ठेवा. उद्या पैसे आलेच तर टॅक्स लागेल, आणि मायलेज, म्हणजे गाडीचा मैलांनुसार खर्च, तुम्ही शेड्यूल सी या धंद्याच्या टॅक्स फॉर्ममध्ये आधीच वजा घेतलंय, त्यामुळे सीपीएला (तिकडच्या सीएला) विचारल्याशिवाय खर्च करू नका. कार्ड संपलं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की वाकडचं कोटेशन पाठवा, कार्पेट एरिया आणि महारेरा नंबरसकट, मग बघू.