पाऊस ‘हेवी’, मग वारा का नाही?

प्रश्न : माझी लेक नववीला आहे, मराठी मीडियम. परवा इंग्लिशच्या निबंधात तिनं ‘स्ट्राँग रेन’ आणि ‘हेवी विंड’ लिहिलं तर दोन्हीखाली लाल रेघ. डिक्शनरीत हेवी म्हणजे जड असं दिलंय, मग पाऊस जड कसा काय होतो आणि वारा का होत नाही? मला काय तिला समजावता येईना, जरा सांगा की.
– एक आई, खानापूर

उत्तर : ताई, लेकीचं चुकणं साहजिक आहे, कारण आपल्या भागात जोराचा पाऊस म्हणतात आणि वारापण जोराचाच, शेजारीपाजारी कन्नडमध्ये जोरु मळे, जोरु गाळी चालतं, म्हणजे तिच्या कानावर दोन्हीकडनं एकच शब्द पडतोय, मग इंग्लिशमध्येही एकावर भागेल असं तिला वाटणारच. पण तिथं पाऊस हेवी आणि वारा स्ट्राँग, जोड्या ठरलेल्या. हवामान खात्यानं तर हेवी रेनला मापच लावलंय, 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, तुमच्या कणकुंबीकडं पावसाळ्यात एवढा काय नवा नाही.

इथं हेवी म्हणजे प्रमाण जास्त. हेवी ट्रॅफिक म्हणजे गाड्यांची गर्दी, हेवी फाइन म्हणजे मोठा दंड, हेवी स्मोकर म्हणजे लई सिगरेटी ओढणारा, मग तो अंगानं काटकुळा का असेना. ताप मात्र हाय, हेवी फीवर म्हणत नाहीत.

आपला कडक घ्या. कडक चहा स्ट्राँग, कडक भाकरी हार्ड, कडक सर स्ट्रिक्ट, एका शब्दाला तिकडं तीन! आणि मराठीत तरी काय वेगळं आहे, मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा, कडाक्याची थंडी. सोसाट्याचा पाऊस असं कोणी म्हटलं तर लेक लगेच हसेल, का चुकलं ते तिलाही सांगता येणार नाही पण कानाला खटकतंय एवढं कळेल. तिला आधी हेच विचारून बघा.

वहीत सुटा ‘हेवी’ लिहायचा नाही, ‘हेवी रेन’ अशी जोडीच लिहायची, आणि डिक्शनरीत हेवी नाही तर रेन काढून उदाहरणांत त्याच्या आधी काय येतंय ते बघायचं. एक जोडी तर तिला आयतीच मिळेल, जड अंतःकरणानं म्हणजे विथ अ हेवी हार्ट, तिथं जड म्हणजे जडच.