जुन्या हार्ड डिस्क पुन्हा वापरण्याजोग्या आहेत की नाहीत, हे कसं तपासायचं?

तुमच्याकडे सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या चादर कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरच्या ५०० जीबीच्या तीन डिस्क आहेत आणि लॅपटॉपची १ टीबीची एक. एकीत जुना टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आहे. बाकीच्या बॅकअपला किंवा कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) लावायच्या आहेत.

टॅलीवाल्या डिस्कची तपासणी आत्ता करू नका. आधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्या, मग बाकीचं. मरायला टेकलेली डिस्क पूर्ण स्कॅनच्या ताणानेच जाते. लावल्यावर टक्-टक् असा ठरावीक लयीत आवाज आला, तर लगेच बंद करा. हेड (डेटा वाचणारा भाग) अडकतंय, त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही.

डिस्क शक्यतो कॉम्प्युटरच्या आत साटा केबलने जोडा. यूएसबी डॉकवर (डिस्क बाहेरून जोडायच्या स्टँडवर) जोडणार असाल तर त्याचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर दमदार हवा. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना दोन अँपिअरच्या आसपास करंट ओढते. ॲडॉप्टर कमी पडला की डिस्क मध्येच गायब होते आणि चांगल्या डिस्कवर उगाच खापर फुटतं.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले आकडे दाखवणारं हे सॉफ्टवेअर आहे. त्यातले रॉ (मूळ) आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर दिसतात, त्यामुळे १० दिसलं तर ते प्रत्यक्षात १६ असतं. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज इथे जाऊन दशमान करून घ्या. वरच्या निळ्या ‘गुड’वर विसंबू नका, खालच्या ओळी वाचा. प्रत्येक ओळीला एक क्रमांक असतो. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे). सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे बाकी असलेले. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही न वाचलेले. काही कंपन्यांच्या डिस्कवर बीबी (दुरुस्त न झालेल्या चुका) हीसुद्धा ओळ असते, तीही शून्य हवी. सी७ (डेटा केबलवरून जाताना झालेल्या चुका) वाढलेला असेल तर दोष बहुधा केबलचा. तो आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून टिपून ठेवा, केबल बदला आणि पुढे वाढतो का तेवढं बघा. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर कोटींतले आकडे दिसतील. त्याला घाबरू नका, त्यांची मोजायची पद्धतच तशी आहे.

०९ म्हणजे चालू राहिलेले तास. ऑफिसात दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर तीन हजार होतात. त्यामुळे वीस हजार तास बघून लगेच डिस्क फेकू नका. उलट नवी पेठेत किंवा ऑनलाइन सेकंडहँड घेताना लेबलवर २०१४ आणि तास बारा दिसले, तर आकडे शून्य करून विकायला ठेवली आहे असंच समजा.

खरी परीक्षा पुढे. आकड्यांचा फोटो काढा, क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट मारा (डेटा जाईल, हे लक्षात घ्या), मग एचडीडीस्कॅन या तपासणीच्या सॉफ्टवेअरने सगळी डिस्क वाचून काढा आणि आकडे पुन्हा बघा. ५०० जीबीला साटावर प्रत्येक फेरी दीड-दोन तास घेते. यूएसबी २ वर साडेचार तास तरी धरा. मध्ये लाइट गेली तर निकाल बिघडतो, यूपीएस असेल तर बरं.

समजा सी५ आधी ८ होता. ८ हा आकडा बऱ्याचदा दिसतो, कारण ४ केबीच्या एका खऱ्या सेक्टरमध्ये ५१२ बाइटचे आठ मोजले जातात. फॉरमॅटनंतर तो शून्य झाला आणि ०५ हलला नाही, तर लाइट गेल्याने लिखाण अर्धवट राहिलं असावं. ती डिस्क चालेल. ०५ वाढून थांबला आणि दुसऱ्या फेरीतही तसाच राहिला, तर फक्त जादाच्या प्रतीसाठी ठेवा. प्रत्येक फेरीत वाढत असेल तर काढून टाका, मग तीन का असेना. गुगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला होता. पहिली स्कॅन एरर (तपासणीत सापडलेली चूक) आल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी या मुख्य आकड्यांत काहीच इशारा दिला नव्हता. म्हणून पास झालेल्या डिस्कवरही एकमेव प्रत ठेवू नये.

डीव्हीआरला मी यातली एकही लावणार नाही. तिथे चोवीस तास लिखाण चालतं आणि डबा बंद, बहुतेकांत पंखाही नसतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना आतली डिस्क सहज ५५ च्या पुढे जाते, आणि साध्या डिस्कची मर्यादा साधारण ६० अंश. तपासतानासुद्धा समोर टेबल फॅन ठेवा.

नापास झालेली डिस्क भंगारात देण्याआधी फोडा, कारण खराब सेक्टरमधलं फॉरमॅटने पुसलं जातंच असं नाही. साडेतीन इंचीला ड्रिलने आरपार भोकं पुरतात. लॅपटॉपवालीची तबकडी बऱ्याचदा काचेची असते, तिचे तुकडे उडतात. ती गोणपाटात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून मगच हातोडा मारा.