ट्रंपेट घेताय? रंग नंतर बघा, आधी पिस्टन

प्रश्न: नमस्कार सर. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, चर्चच्या मास्तरांकडे ट्रंपेट शिकतोय, आत्तापर्यंत त्यांचाच वापरत होता, आता म्हणतो स्वतःचा पाहिजे. ऑनलाइन ८-९ हजारात नवाकोरा मिळतोय, केस, हातमोजे सगळं धरून, निळ्या रंगात पण आहे आणि त्याला तोच हवाय. मेरठचा एक त्याहून स्वस्त सांगतायत. आणि ओळखीतला एकजण बँड सोडतोय, त्याचा जुना यामाहा २३३५ ट्रंपेट आहे, पॉलिश उडालंय, बेलला (पुढच्या पसरट तोंडाला) पोचा आहे, तरी २० हजार मागतोय. बायको म्हणते जुन्याला एवढे कशाला घालायचे. काय घेऊ? मला स्वतःला वाजवता येत नाही, मग बघायचं तरी काय? (एक वाचक, वसई)

उत्तर: यामाहा घ्या. म्हणजे लगेच पैसे हातावर ठेवू नका, खाली सांगतो तसा तपासा, पण तिघांतून एक निवडायचा तर तोच. वहिनींचं म्हणणं ऐकायला पटतं, मोबाइलला लागू पण होतं, पण इथे नाही. ट्रंपेट म्हणजे साधारण दीड मीटर नळी आणि मधे तीन पिस्टन, बास. नळी नीट ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते, सगळी मेख आहे पिस्टनमधे. पिस्टन आणि त्याच्या बाहेरचं केसिंग, यांच्यातली फट कागदाच्या जाडीपेक्षा कमी लागते, हवा गळता कामा नये आणि तरी पिस्टन अडकताही कामा नये, दोन्ही एकदम. हे जमवायला चांगलं मशीन लागतं, नीट घासून बसवायला वेळ लागतो, आणि ८ हजाराच्या वाद्यात नेमका तोच वेळ वाचवलेला असतो. पॉलिशवर मात्र कोणी काटकसर करत नाही, कारण फोटोत तेच दिसतं ना. २३३५ चे पिस्टन मोनेलचे आहेत, म्हणजे निकेल-तांब्याचा मिश्रधातू, थुंकीने लवकर खराब होत नाही, आणि त्याचे पार्ट अजून मिळतात. बिननावाच्या वाद्याची स्प्रिंग गेली, पिस्टनचा तो छोटा प्लास्टिकचा गाइड तुटला, की बरेच रिपेअरवाले हातच लावत नाहीत, आणि लावला तर वाद्याच्या किमतीएवढं बिल.

आता बघायचं काय, तर वाजवता येत नसलं तरी अर्ध्याहून जास्त गोष्टी तुम्ही एकटे तपासू शकता.

पहिलं, पिस्टन एकेक करून दाबा आणि सोडा. सरळ दाबा, मग मुद्दाम बोट थोडं तिरकं ठेवून दाबा, कारण पोरं तसंच दाबतात. झटकन वर आला पाहिजे. खरखर लागली तर लगेच घाबरू नका, बरीच वाद्यं नुसती कोरडी पडलेली असतात, पिस्टन बाहेर काढा, सुती कापडाने पुसा, व्हॉल्व्ह ऑइलचे चार थेंब टाका आणि परत बसवा. पण हां, प्रत्येक पिस्टनवर १, २, ३ नंबर कोरलेला असतो, ज्याचा त्याच्याच घरात गेला पाहिजे आणि गाइड खाचेत बसून टक् लागेपर्यंत फिरवायचा, नाहीतर हवाच जाणार नाही आणि तुम्हाला वाटेल वाद्य बिघडलं. तेल टाकूनही अडकत असेल तर केसिंग चेपलंय किंवा पिस्टन वाकलाय, तिथे विषय संपला, निघून या.

दुसरं, हवा गळते का ते. प्रत्येक पिस्टनला एक ओढून बाहेर निघणारी वाकडी नळी असते, ती स्लाइड; त्यातली मधली छोटी, दोन नंबरची, पिस्टन न दाबता हळू बाहेर ओढा. सुटताना बाटलीचं बूच निघाल्यासारखा ‘टॉक’ आवाज आला पाहिजे. आला म्हणजे आतली हवा अडकून होती, पिस्टन घट्ट आहे. गुपचूप निघून आली तर पिस्टन झिजलाय. पहिल्या आणि तिसऱ्या स्लाइडचं पण असंच, इंचभर ओढून धरा, दोन-चार सेकंद थांबा, मग पिस्टन दाबा, बारीक ‘पॉप’ ऐकू आला पाहिजे. हे फक्त तपासताना हं, रोज स्लाइड काढताना पिस्टन दाबूनच काढायची. आणि विकणाऱ्याने आधीच जाड तेल भरून ठेवलं असेल तर झिजलेला पिस्टन पण थोडा वेळ घट्ट वाटतो, म्हणून आधी पुसून पातळ तेल टाका आणि मग ओढा. त्याला राग आला तर येऊदे.

ती दोन नंबरची स्लाइड काढलीच आहे तर मोबाइलचा टॉर्च मारून आत डोकवा. पिस्टन वर असताना तिथे भोक दिसणार नाही, पूर्ण दाबल्यावर मात्र त्याचं भोक नळीच्या तोंडाशी बरोब्बर जुळलं पाहिजे. अर्धचंद्रासारखी कड दिसली म्हणजे आतली फेल्टची चकती चेपली किंवा कोणीतरी चुकीच्या जाडीची घातली. दुरुस्ती स्वस्तातली आहे, पण भाव करताना बोलायला बरं.

तिसरं, माउथपीसपासून निघणारी पहिली नळी, लीडपाइप. वाजवणाऱ्याची सगळी लाळ, चहा, बिस्किटाचे कण सगळं तिथे जातं. मोठी ट्युनिंग स्लाइड काढून आत टॉर्च मारा आणि बाहेरूनही बघा. गुलाबीसर ठिपके दिसले आणि त्यांच्या मधे काळा बिंदू असेल तर पितळेतलं जस्त गेलंय, आतून नळी खाल्ली जातेय. हा रोग पॉलिशने जात नाही, नळीच बदलावी लागते. नुसतं वरचं पॉलिश उडून हात लागतो तिथे पितळ काळपट झालं असेल तर तो रोग नाही, ते फक्त दिसायला वाईट.

पोच्याचं म्हणाल तर तो बेलच्या तोंडाजवळ असेल तर सोडून द्या, आवाजाला विशेष काही होत नाही. तोच पोचा लीडपाइपला असता तर मी नको म्हटलं असतं, माउथपीसजवळचा बारीकसा चेपदेखील सूर बिघडवतो. बेल जिथे वळते तिथे सुरकुती असेल तर मात्र वाद्य जोरात पडलंय, मग पिस्टनची तपासणी परत एकदा करा.

शेवटी सूर, आणि त्यासाठी मास्तरांना सोबत न्याच. वसईत, गोव्यात चर्चच्या परंपरेत स्वरलिपी वाचत शिकलेली जी मंडळी आहेत त्यांचा कान कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचा. तरी मोबाइलवर ट्युनर (सूर मोजणारं ॲप) ४४० ला लावून ठेवा, म्हणजे ए सूर ४४० हर्ट्झचा. बीफ्लॅट ट्रंपेटवर एकही पिस्टन न दाबता वाजवलेला सी म्हणजे हार्मोनियमची काळी पाच, त्यामुळे ट्युनर बीफ्लॅट दाखवणार, ते बरोबरच आहे. सी, जी, वरचा सी एका रेषेत आले पाहिजेत. त्याच्या वरचा ई थोडा उतरलेला येईल, पाचव्या हार्मोनिकचं (नळीतून आपोआप निघणाऱ्या पाचव्या सुराचं) ते जन्मजात आहे, जवळजवळ १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट), ते महागातल्या महाग ट्रंपेटलाही असतं. तसंच पहिला-तिसरा पिस्टन एकत्र दाबून येणारा खालचा डी चढाच असतो, म्हणून तिसऱ्या स्लाइडला बोटाची रिंग असते, वाजवता वाजवता ती बाहेर सरकवायची. ती स्लाइड बोटाने सहज सरकली पाहिजे. नव्या स्वस्त वाद्यांत मी रिंग लावलेली पण स्लाइड जाम असलेली पीस बघितलेत, मग ती रिंग काय शोभेला?

मेरठबद्दल लोक सरसकट नाक मुरडतात, ते मला पटत नाही. जली कोठीच्या गल्ल्यांमधे पत्रा ठोकून, वळवून, डाख देऊन बँडची वाद्यं करणारे कारागीर पिढ्यानपिढ्या आहेत, नादिर अली कंपनी तर १८८५ पासूनची, आणि देशभरच्या लग्नाच्या बँडमधली कितीतरी वाद्यं तिकडूनच येतात. ब्युगल घ्यायचा असेल तर मी बिनधास्त मेरठचा घेईन, त्याला पिस्टनच नाही. ट्रंपेटमधे मात्र एकाच दुकानातले दोन पीस सारखे निघतील याची खात्री देता येत नाही, त्यामुळे पार्सलने मागवू नका, हातात घेऊन वरच्या सगळ्या तपासण्या पास झाल्या तरच. लग्नात दोन तास फुल व्हॉल्यूममधे वाजवणाऱ्याला थोडी गळती चालून जाते, शिकणाऱ्या पोराला नाही, कारण त्याला कळतच नाही की चूक ओठांची आहे की वाद्याची, आणि मग तो सोडून देतो.

निळ्या रंगाचं पोराला सांगा की डाख सुटला तर परत लावताना रंग जळून काळा डाग पडतो. नाहीच ऐकला तर निळी केस घेऊन द्या. २० हजार थोडे जास्त वाटतायत, लीडपाइप आणि पिस्टन चांगले निघाले तरी पॉलिश दाखवून दोन-तीन हजार खाली आणा. माउथपीस वेगळा घ्यायची वेळ आली तर ७सी मापाचा घ्या, नवशिक्यांना तोच देतात.

प्रश्न: आजोबा पोलीस बँडमधे होते, त्यांचं विलायती कॉर्नेट (ट्रंपेटसारखंच, पण आटोपशीर) घरी आहे, बूझी कंपनीचं, छान वाजतं. पण मुलाच्या कीबोर्डबरोबर लावलं की कायम चढं लागतं. मुलगा म्हणतो भंगार आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: भंगार अजिबात नाही, ते बहुतेक जुन्या ‘हाय पिच’ चं आहे. ब्रिटिश ब्रास बँड १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ४५२ च्या आसपासच्या सुरात वाजवायचे, आपला कीबोर्ड ४४० चा, म्हणजे जवळपास पाव स्वराचा फरक, कानाला खुपणारच. बूझी आणि हॉक्स १९३० मधे एक झाल्या, त्यामुळे नुसतं बूझी कोरलेलं असेल तर वाद्य बहुतेक त्याच्याही आधीचं, जपून हाताळा. ट्युनिंग स्लाइड साधारण २ सेंटीमीटर बाहेर ओढून बघा, उतरेल. पण तेवढ्याने भागत नाही, तिन्ही पिस्टनच्या स्लाइडपण त्या प्रमाणात थोड्या थोड्या ओढाव्या लागतात, नाहीतर मोकळे सूर जुळतील आणि दाबलेले चढे राहतील. जुन्या केसमधे जादाची लांब स्लाइड पडलीय का शोधा, काही वाद्यांबरोबर ती द्यायचे. आणि ट्रंपेटचा माउथपीस त्यात ठोकू नका, कॉर्नेटचं भोक बारीक असतं, अडकला तर पकडीने ओढायच्या नादात नळी पिळवटते, रिपेअरवाल्याकडे त्याचं वेगळं ओढायचं हत्यार असतं.

प्रश्न: ट्रंपेटवर चांदीचा मुलामा की लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर), आवाजात फरक पडतो का? आणि चमकवायला काय लावू? मी रत्नागिरीत राहते. (एक वाचक)

उत्तर: ताई, समोर बसून ऐकणाऱ्याला तरी फरक कळत नाही, त्यावर भांडणारे मात्र रात्रभर भांडतील. तुमच्याकडची खारी दमट हवा बघता चांदी पटापट काळी पडेल, पण चांदीच्या कापडाने पुसून परत येते. लॅकरला देखभाल कमी, पण हाताला घाम जास्त येत असेल तर लवकर उडतं. लॅकरवर पितांबरी, चिंच, लिंबू काहीही लावू नका, ते देवाच्या भांड्यांना ठीक, इथे लॅकरचा थरच निघून जातो. वाजवून झाल्यावर मऊ कापडाने पुसायचं आणि महिन्यातून एकदा सगळे पिस्टन बाजूला काढून कोमट पाण्याने आतून धुवायचं, कडकडीत पाणी नको, त्यानेही लॅकर सुटतं. पिस्टनला शिलाई मशीनचं तेल किंवा रॉकेल लावणारे बँडवाले भेटतील, पहिलं जाड पडतं, दुसरं उडून जातं आणि तोंडापर्यंत वास येतो. व्हॉल्व्ह ऑइलची छोटी बाटली बरेच महिने पुरते, मुंबईला गेलात की धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानातून आणा, सोबत स्लाइडचं ग्रीस पण आणा, पावसाळ्यात स्लाइड जाम होतात.