वाचकांचे प्रश्न : मायकल मॅन यांच्या नव्या ‘हीट’ची वाट पाहताना

गेल्या अंकात याच सदरात, अमेरिकी दिग्दर्शक मायकल मॅन आपल्या गाजलेल्या ‘हीट’ या चित्रपटाचा पुढचा भाग पडद्यावर आणण्याच्या तयारीला लागले आहेत, असा दोन ओळींचा उल्लेख आला होता. त्या दोन ओळींवर सांगली, मिरज, तासगाव, कऱ्हाड, वाई आणि सातारा येथून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर आम्ही पूर्णपणे त्याच विषयाला देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नावांऐवजी फक्त गावाचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (कऱ्हाड) : मी ‘हीट’ पाहिलेला नाही. तीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाच्या पुढच्या भागाबद्दल एवढी उत्सुकता कशासाठी?

उत्तर : ‘हीट’ डिसेंबर १९९५ मध्ये प्रदर्शित झाला. जवळजवळ तीन तासांचा हा चित्रपट लॉस एंजेलिस शहरात घडतो. नील मॅकॉली हा शिस्तीचा, एकलकोंडा दरोडेखोर आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी व्हिन्सेंट हॅना, अशा दोन माणसांची ही गोष्ट आहे. रॉबर्ट डी नीरो आणि अल पचिनो यांनी या भूमिका केल्या आहेत. १९७४ च्या ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात हे दोघे होते, पण तेथे त्यांचा एकही प्रसंग एकत्र नव्हता, समोरासमोर बसून ते प्रथम बोलले ते ‘हीट’मध्ये, कॉफीच्या टेबलावर. मॅन यांनी त्या प्रसंगात दोघांच्या खांद्यांवरून दोन कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवले, त्यामुळे एकाच्या बोलण्यावर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटले ते त्याच क्षणाचे आहे, नंतर जोडलेले नाही.

या गोष्टीला खरा आधार आहे. शिकागोचे पोलीस अधिकारी चक ॲडमसन यांनी १९६० च्या दशकात नील मॅकॉली याच नावाच्या गुन्हेगाराचा माग काढला होता, त्याच्याबरोबर एकदा कॉफी घेतली होती, आणि १९६४ मध्ये एका दरोड्याच्या वेळी झालेल्या चकमकीत तो मारला गेला. ॲडमसन हे पुढे मॅन यांचे स्नेही झाले. ती हकिगत मॅन यांनी अनेक वर्षे मनात बाळगली, १९८९ मध्ये तिचा एक छोटा अवतार दूरचित्रवाणीसाठी करून पाहिला, आणि समाधान झाले नाही म्हणून सहा वर्षांनी पुन्हा, पूर्ण ताकदीने केला. एकच गोष्ट इतकी वर्षे सोडून न देणारा माणूस जेव्हा तिच्याकडे पुन्हा वळतो, तेव्हा ते आधीच्या यशावर आणखी एक मजला चढवण्यासाठी नसते, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्रश्न (तासगाव) : पहिल्या चित्रपटाचा शेवट पाहिल्यावर दुसरा भाग कसा निघू शकतो, हेच कळत नाही. कथा काय असणार?

उत्तर : ज्यांनी ‘हीट’ पाहिलेला नाही त्यांनी हे उत्तर ओलांडून पुढे जावे.

आपली शंका रास्त आहे, कारण मॅकॉली शेवटी विमानतळाच्या धावपट्टीजवळ हॅनाच्या गोळीने पडतो. मॅन यांनी याचे उत्तर आधी कादंबरीत शोधले. मेग गार्डिनर यांच्यासह लिहिलेली ‘हीट २’ ही कादंबरी ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नवा चित्रपट तिच्यावर आधारलेला असणार आहे. कादंबरी काळाच्या दोन्ही बाजूंना जाते. एक धागा १९८८ चा आहे, ज्यात तरुण हॅना शिकागोत घरे फोडणाऱ्या एका क्रूर टोळीच्या मागे आहे आणि मॅकॉली आपल्या साथीदारांसह मेक्सिकोच्या सीमेवर एका मोठ्या कामाची आखणी करतो आहे. दुसरा धागा पहिल्या चित्रपटाच्या शेवटापासून पुढे निघतो. दरोड्यातून जिवंत सुटलेला एकमेव साथीदार क्रिस शिहर्लिस हा लॉस एंजेलिसमधून निसटतो आणि पॅराग्वेतील सिउदाद देल एस्ते या सीमेवरच्या गावी नव्या नावाने उभा राहतो.

क्रिसची मूळ भूमिका करणारे व्हॅल किल्मर १ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. बायकोने गॅलरीतून हाताच्या किंचित हालचालीने ‘येऊ नकोस’ अशी खूण केली आणि त्याने चेहऱ्यावर काहीही न दाखवता गाडी पुढे नेली, हा त्यांचा प्रसंग ज्यांच्या लक्षात आहे त्यांना या भूमिकेत दुसरा नट स्वीकारणे जड जाणार आहे. तरीही कादंबरीचा भार क्रिसवरच असल्यामुळे नव्या चित्रपटाची खरी कसोटी याच भूमिकेत लागेल.

प्रश्न (सांगली) : गोळीबार आणि पाठलाग आता प्रत्येक चित्रपटात असतात. मॅन यांच्या हाणामारीत वेगळे असे काय आहे?

उत्तर : आलेल्या पत्रांतील हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

आपण सांगलीचे आहात, म्हणून कुस्तीच्या मैदानापासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी कुंडलच्या मैदानात आमच्या शेजारी एक वृद्ध वस्ताद बसले होते. हलगी कडकडत होती, भोवती हजारो माणसे होती, आणि दोन मल्ल बराच वेळ नुसते खडाखडी करत होते. आमच्या मागची पोरे कंटाळून ओरडू लागली. वस्तादांची नजर मात्र मल्लांच्या पायांवर खिळलेली होती. ते हलक्या आवाजात म्हणाले, “उजवा पाय मागं घेतोय बघा, आता हा पटात शिरणार.” दोन क्षणांत तो मल्ल खरोखर पटात शिरला आणि समोरचा मातीवर आला. मैदान उठून उभे राहिले, पण डाव आधीपासून दिसत होता तो वस्तादांना, आणि त्यांनी सांगितल्यामुळे आम्हालाही. त्या कुस्तीचा आनंद आपटण्यात नव्हता. पाय कोठे आहे आणि तो तेथे का आहे, हे कळण्यात होता.

मॅन यांचा हाणामारीचा प्रसंग असा पाय दाखवून मग डाव दाखवतो. ‘हीट’मधला बँकेच्या दरोड्यानंतरचा गोळीबार घ्या. दरोडेखोर पिशव्या घेऊन बाहेर पडतात तोवर पार्श्वसंगीत चालू असते. क्रिसला रस्त्यापलीकडे पोलीस दिसतात, तो पहिली गोळी झाडतो, आणि संगीत तेथेच थांबते. त्यानंतर गाडी कोठे आहे, पोलिसांनी रस्ता कोणत्या बाजूने अडवला आहे, कोण कोणत्या गाडीच्या आडोशाला आहे, हे आपल्याला सतत कळत राहते. एक जण गोळ्या झाडत समोरच्यांना डोके वर काढू देत नाही तेवढ्यात दुसरा मागे सरकतो, मग दुसरा झाडतो आणि पहिला सरकतो. क्रिस बंदुकीतले रिकामे मॅगझिन काढून दुसरे भरतो, तेव्हा त्याची नजर हाताकडे जात नाही, समोरच राहते. अशी सवय सरावाशिवाय लागत नाही. या नटांना ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलात काम केलेल्या अँडी मॅकनॅब यांच्याकडून शिक्षण देण्यात आले होते आणि त्यांनी नेमबाजीच्या मैदानावर खरी काडतुसे वापरून सराव केला होता.

आजकालच्या पुष्कळ चित्रपटांत कॅमेरा इतका हलतो आणि तुकडे इतके बारीक असतात की कोण कोणाला मारतो आहे हे कळायच्या आत प्रसंग संपतो. वेगाला आमचा विरोध नाही. परंतु डाव न दाखवता नुसते आपटणे दाखवले, तर ती कुस्ती पाहायला कुंडलपर्यंत कोण जाईल? मॅन यांची माणसे, मग ती पोलीस असोत की चोर, आपले काम जाणणारी असतात आणि कॅमेरा त्या कामाचा मान राखतो. नव्या चित्रपटाकडून आमची अपेक्षा एवढी एकच आहे, आणि ती लहान नाही.

प्रश्न (मिरज) : त्या प्रसंगातला गोळ्यांचा आवाज इतर चित्रपटांपेक्षा निराळा, जवळजवळ भीतिदायक का वाटतो?

उत्तर : प्रश्न मिरजेहून आला याचे आम्हाला नवल वाटले नाही.

सामान्यतः चित्रीकरणाच्या वेळचे गोळ्यांचे आवाज काढून टाकतात आणि त्यांच्या जागी आधी साठवून ठेवलेले, घोटून गुळगुळीत केलेले आवाज बसवतात. ‘हीट’च्या वेळी भरपूर दारूची बिनगोळीची काडतुसे वापरली होती आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काच आणि काँक्रीटच्या उंच इमारती होत्या. बार उडाला की आवाज एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत, थोडा उशिरा आणि थोडा बदलून परत येत होता. तो प्रत्यक्ष रस्त्यावर टिपलेला आवाज पुढे स्टुडिओत केलेल्या आवाजापेक्षा सरस वाटला, म्हणून मॅन यांनी तोच ठेवला. आपल्या गावचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवरच्या तारेखाली दोरा केसभर पुढेमागे सरकवतात आणि पुन्हा पुन्हा कान देतात. तार तीच असते, पण नाद भरून येतो तो त्या केसभर जागेमुळे. येथेही बंदुका इतर चित्रपटांतल्यासारख्याच आहेत. फरक त्या रस्त्याने केला आहे.

घरच्या दूरदर्शन संचाच्या छोट्या स्पीकरवर यातले फार थोडे पोहोचते. चांगले हेडफोन लावून एकदा ऐकून पाहावे.

प्रश्न (वाई) : आमच्याकडे मेणवलीच्या घाटावर आणि आसपास चित्रीकरण होते तेव्हा दोन मिनिटांच्या प्रसंगाला अख्खा दिवस जातो. भर शहरातला एवढा गोळीबार चित्रित कसा केला असेल?

उत्तर : शनिवार-रविवारी. लॉस एंजेलिसच्या त्या भागात मुख्यतः कचेऱ्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी रस्ते मोकळे असतात, म्हणून आठवड्यामागून आठवडे फक्त सुट्टीच्या दिवशी काम करून तो प्रसंग पुरा झाला. आपण घाटावर पाहिले असेल की कॅमेरा चालू असण्यापेक्षा बंद असण्याचा वेळ कितीतरी जास्त असतो. अशा प्रसंगात प्रत्येक वेळी काचा, गाड्या, काडतुसे आणि माणसे पुन्हा जागच्या जागी आणावी लागतात, आणि चार आठवड्यांपूर्वी ऊन कोणत्या बाजूने होते याचीही नोंद ठेवावी लागते.

प्रश्न (सातारा) : मॅन यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांचे मधले काही चित्रपट पडलेही. या वयात असा चित्रपट त्यांना झेपेल का?

उत्तर : मॅन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९४३ रोजी शिकागोत झाला. वयाचा मुद्दा आम्ही टाळत नाही, परंतु हाणामारीचा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाला स्वतः धावायचे नसते. कोण कोठून धावेल आणि कॅमेऱ्याला ते कोठून दिसेल हे त्याला आधी ठरवायचे असते, आणि तेथे अनुभव कामी येतो. जॉर्ज मिलर यांचा ‘फ्युरिओसा’ २०२४ मध्ये आला तेव्हा ते ७९ वर्षांचे होते; त्याच वर्षी रिडली स्कॉट यांनी ‘ग्लॅडिएटर’चा दुसरा भाग आणला, तेव्हा त्यांनी ८६ वर्षे पूर्ण केली होती. अकिरा कुरोसावा यांनी ‘रान’मधील वाड्याच्या दहनाचा प्रसंग उभा केला तो पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर.

पडलेल्या चित्रपटांबद्दल आपले म्हणणे खरे आहे. २०१५ चा ‘ब्लॅकहॅट’ तिकीटखिडकीवर साफ आपटला आणि त्यानंतर मॅन यांचा पुढचा चित्रपट यायला आठ वर्षे लागली. २००९ च्या ‘पब्लिक एनिमीज’मध्ये डिजिटल कॅमेऱ्याने १९३० च्या दशकाला जो आजच्या बातमीपत्रासारखा चेहरा दिला, तो आम्हालाही रुचला नव्हता. मात्र २०२३ चा ‘फेरारी’ पाहिल्यावर आमची काळजी बरीच कमी झाली. त्यात इटलीतल्या मिल्ले मिल्या या मोटारशर्यतीत १९५७ मध्ये झालेला अपघात आहे. सरळ रस्ता, दुतर्फा झाडे, शर्यत पाहायला दारात आलेले एक कुटुंब, टायर फुटणे आणि पुढचे काही क्षण. मॅन यांनी तो प्रसंग लांबवला नाही आणि सुंदरही केला नाही. गाडी कोठून आली आणि माणसे कोठे उभी होती हे आधी नीट दाखवले असल्यामुळे जे घडते ते पाहवत नाही. ऐंशीव्या वर्षी ज्यांचा हात इतका स्थिर आहे, त्यांच्याबद्दल शंका घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

प्रश्न (सातारा) : नवा चित्रपट येईपर्यंत काय पाहावे? इंग्रजी चित्रपट आमच्याकडे आला तरी दोन-तीन दिवसांत उतरतो, त्याचे काय करावे?

उत्तर : आधी ‘हीट’, तोही एका बैठकीत. त्यानंतर १९८१ चा ‘थीफ’ हा त्यांचा चित्रपटगृहांसाठी केलेला पहिला चित्रपट पाहावा, कारण तिजोरी फोडण्याचे काम तेथे एखाद्या लोहाराच्या कामासारखे, ठिणग्यांसकट आणि घामासकट दाखवले आहे. वेळ उरला तर २००४ चा ‘कोलॅटरल’ घ्यावा आणि तो रात्री, दिवे मालवून पाहावा.

दुसऱ्या अडचणीची झळ आम्हीही सोसली आहे. काही वर्षांपूर्वी येथील एका चित्रपटगृहात अशाच एका चित्रपटाला गेलो, तर डाव्या बाजूचे स्पीकर बंद होते आणि मध्यंतरानंतरही कोणी लक्ष दिले नाही. तेव्हापासून असा चित्रपट आला की पहिल्याच शनिवारी आम्ही सांगलीहून कोल्हापूरला जातो. आपल्याला पुणे गाठावे लागेल, सुमारे ११० किलोमीटर. चार-पाच जणांनी मिळून गाडी केली तर खर्च फार येत नाही. तिकिटे मात्र निघण्यापूर्वी काढून ठेवावीत आणि जागा मधल्या रांगांतल्या घ्याव्यात, कारण चारही बाजूंचा आवाज तेथेच सर्वांत नीट जुळून येतो.